मागची खिडकी आणि गेटपास



पूर्वी सातबाऱ्याचा उतारा हवा असला की तलाठ्याची वाट पाहावी लागे. तलाठी गावात असेल त्या दिवशी आपण शेतावर, आणि आपण चावडीवर गेलो की तलाठी तालुक्याला. आज तोच उतारा मोबाईलवर दिसतो. डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये भरून घरबसल्या मिळतो. शाळेतल्या मुलांच्या नोंदी २०१५ पासून ‘सरल’ या प्रणालीत भरल्या जाऊ लागल्या. पीएम-किसानचा हप्ता जमा झाला की नाही, हेही वेबसाइटवर कळते. सोय झाली, यात शंका नाही. पण सोयीच्या पाठोपाठ एक प्रश्नही येतो. माझा कागद मला दिसतो हे ठीक. पण तो भलत्यालाच दिसत नाही ना?

या प्रश्नाचे उत्तर वेबसाइटच्या दर्शनी पानावर नसते. ते त्या पानाच्या मागे असते. ती मागची बाजू कशी चालते आणि तिचे दार कसे राखायचे, एवढेच आज आपण पाहणार आहोत. विषय संगणकाचा असला तरी समजायला अवघड नाही. आपल्या मार्केट यार्डाचेच उदाहरण घेऊ.

सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव होतो. भाव मोठ्याने पुकारला जातो आणि तो साऱ्यांनी ऐकावा हाच लिलावाचा हेतू असतो. लिलाव झाल्यावर मात्र अडत्याकडून जी पट्टी मिळते, तिच्यात पिशव्या किती, वजन किती, हमाली-तोलाई किती कापली आणि हातात किती आले, हे सारे लिहिलेले असते. ती पट्टी कुणी पुकारत नाही. भाव चारचौघांचा, पट्टी ज्याची त्याची.

आता अशी कल्पना करा की एका अडत दुकानाने वेबसाइट काढली. शेतकऱ्याने मोबाईल नंबर टाकायचा, आलेला ओटीपी भरायचा, की त्याची पट्टी समोर दिसते. मोहोळच्या एका शेतकऱ्याने तसे केले. त्याची पट्टी ४११२ नंबरची. ती त्याला दिसली. यात नेमके काय घडले?

मोबाईलमध्ये वेबसाइट दाखवणारा जो प्रोग्रॅम असतो, त्याला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स ही त्याचीच नावे. ब्राउझरमध्ये दिसणारे पान म्हणजे दुकानाची दर्शनी गादी. तिथे बटणे आहेत, रंग आहेत, दुकानाचे नाव आहे. पण पट्ट्या तिथे नाहीत. पट्ट्या दूर कुठेतरी सर्व्हर नावाच्या संगणकावर आहेत. ती झाली मागची कोठी. कोठीला खिडक्या आहेत. एक पट्ट्यांची, एक बँक खात्याच्या तपशिलाची, एक जुन्या हिशेबाची. संगणकवाले या खिडक्यांना ‘एंडपॉइंट’ म्हणतात. आपण खिडकीच म्हणू. शेतकऱ्याने बटण दाबले की पान त्या खिडकीकडे एक चिठ्ठी धाडते: ‘४११२ नंबरची पट्टी द्या.’ खिडकीतून आकडे येतात आणि पान ते नीट मांडून दाखवते.

इथवर सगळे सरळ आहे. घोटाळा पुढे आहे. ही चिठ्ठी लिहायला त्या पानाची गरजच नसते. संगणकावर ब्राउझर उघडून एफ-१२ ची कळ दाबली, तर पान कोणकोणत्या खिडक्यांना काय काय चिठ्ठ्या धाडते, ते सगळे यादीसारखे दिसते. यात चोरटे काही नाही. वेबसाइट बनवणाऱ्यांच्या सोयीसाठीच ती यादी ठेवलेली आहे. एकदा खिडकीचा पत्ता कळला की तोच पत्ता ब्राउझरच्या वरच्या पट्टीत टाकता येतो. ‘कर्ल’ नावाचा प्रोग्रॅम तर १९९८ पासून जगभर फुकट मिळतो, आणि त्याचे कामच मुळी ब्राउझरवाचून अशा चिठ्ठ्या धाडण्याचे.

मग एखाद्याने चिठ्ठीत ४११२ च्या जागी ४११३ लिहिले तर? ‘कोण रे तू?’ असे कोठीच्या खिडकीवर कुणी विचारतच नसेल, तर शेजाऱ्याची पट्टी सरळ हातात पडेल. त्यानंतर ४११४, ४११५. माणूस कंटाळेल, पण प्रोग्रॅम कंटाळत नाही. कुणाच्या हाती किती रोकड आली, कुणाचे बँक खाते कोणते, कुणाचा मोबाईल कोणता, याची वहीच्या वही एका रात्रीत बाहेर जाईल. मग दुसऱ्या दिवशी फोन येतो, ‘काका, तुमची अमुक रकमेची पट्टी अडकली आहे, आलेला ओटीपी सांगा.’ समोरच्याला रक्कम अचूक ठाऊक असल्यामुळे शहाणा माणूसही फसतो.

हे केवळ कल्पनेतले भय नाही. मार्च २०१७ मध्ये मॅकडॉनल्ड्सच्या पश्चिम व दक्षिण भारतातील ‘मॅकडिलिव्हरी’ या घरपोच सेवेत हाच दोष उघडकीला आला. ग्राहकांना ओळीने नंबर दिलेले होते आणि खिडकीवर विचारणा नव्हती. त्यामुळे सुमारे २२ लाख ग्राहकांची नावे, फोन नंबर आणि घरचे पत्ते नंबर बदलत गेले की मिळत होते. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईच्या ‘जस्टडायल’ या कंपनीची अशीच बातमी आली. तिथली खिडकी तर जुनी होती. नवे अ‍ॅप तिचा वापर करीत नव्हते, पण ती बंद करायची राहून गेली होती. उघडी पडलेली नोंद दहा कोटी लोकांची असल्याचे त्या वेळी सांगितले गेले.

तिसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे आहे. वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत देणाऱ्या पीएम-किसान योजनेच्या वेबसाइटवर, आकडेवारी दाखवणाऱ्या भागामागची एक खिडकी शेतकऱ्यांचे आधार क्रमांकही देऊन टाकीत होती. एका अभ्यासकाने ही गोष्ट जानेवारी २०२२ मध्ये सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संगणक-सुरक्षेच्या संस्थेला कळवली. मे महिन्याच्या अखेरीस ती दुरुस्त झाली आणि जूनमध्ये वृत्त प्रसिद्ध झाले. या योजनेत नोंदलेल्या शेतकऱ्यांची संख्या तेव्हा ११ कोटींच्या वर होती. पानावर कुठेही आधार क्रमांक दिसत नव्हता, हे लक्षात घ्या. पान सभ्य होते. बोलकी होती ती मागची खिडकी.

तुम्ही म्हणाल, यात काय मोठंसं? खिडकीवर थेट येणंच बंद करून टाका! अनेक वेबसाइटवाले तसा प्रयत्न करतात, पण पुष्कळदा उपाय चुकीचे योजतात. ते चुकीचे उपाय आधी पाहू.

पहिला चुकीचा उपाय म्हणजे पत्ता लपवणे. खिडकीला काहीतरी अवघड नाव दिले की कुणाला सापडणार नाही, अशी समजूत. पण पानाला स्वतःलाच तो पत्ता ठाऊक असावा लागतो, आणि पान तर ग्राहकाच्या हातात आहे. मग पत्ता लपणार कसा? दुसरा उपाय, बटण लपवणे. ‘हे बटण फक्त मालकाला दिसेल’ अशी व्यवस्था करायची. बटण दिसले नाही म्हणून चिठ्ठी लिहायची थांबते असे थोडेच आहे?

तिसरा उपाय चिठ्ठीवरचा मजकूर तपासण्याचा. ‘मी अमुक पानावरून आलो’ असा शेरा ब्राउझर प्रत्येक चिठ्ठीवर बहुधा मारतो. तो शेरा असेल तरच माल द्यायचा, असे ठरवतात. पण शेरा मारणारा ब्राउझर ग्राहकाचा, हात ग्राहकाचा. कर्लसारख्या प्रोग्रॅमला तोच शेरा लिहायला सांगितले की तो बिनचूक लिहून देतो. चौथा उपाय, पानातच एक गुप्त किल्ली लिहून ठेवणे. म्हणजे घराला कुलूप लावायचे आणि किल्ली कडीला अडकवून जायचे.

आणखी एक गैरसमज शिकलेल्या माणसांतही असतो. एका वेबसाइटचे पान दुसऱ्या वेबसाइटच्या खिडकीतली माहिती परवानगीवाचून वाचू शकत नाही, असा एक नियम ब्राउझर पाळतो. नियम चांगला आहे, त्याने आपले पुष्कळ रक्षण होते. पण तो ब्राउझरने पाळायचा नियम आहे. जो ब्राउझर वापरतच नाही, त्याला तो लागू कसा होणार?

या सर्व उपायांत चूक एकच आहे. जी वस्तू समोरच्याच्या हातात आहे, तिच्यावर ते विश्वास ठेवतात. पहारा कोठीवर हवा, आणि तो प्रत्येक चिठ्ठीला हवा.

आता खरे उपाय. प्रथम खिडक्यांची दोन भागांत वाटणी करावी. काही खिडक्या फक्त दुकानाच्या आतल्या आत वापरायच्या असतात. हिशेब जुळवणे, रात्रीची नक्कल काढणे, एका संगणकाने दुसऱ्याला आकडे देणे, अशी ती कामे. ग्राहकाच्या ब्राउझरला त्यांच्याशी काही कर्तव्य नसते. अशा खिडक्या रस्त्याकडे उघडूच नयेत. सर्व्हरभोवती ‘फायरवॉल’ नावाची भिंत घालतात आणि दुकानाच्याच ठरलेल्या संगणकांकडून आलेली चिठ्ठी तेवढी आत घेतात. दर्शनी सर्व्हर एकच ठेवतात. रस्त्यावरचा माणूस त्याच्याशी बोलतो, आणि तो आत जाऊन कोठीतून हवे तेवढेच घेऊन येतो. थेट प्रवेश बंद करणे ते हेच, आणि ते पूर्णपणे शक्य आहे.

दुसऱ्या खिडक्या मात्र ग्राहकाच्या ब्राउझरसाठीच असतात. त्या रस्त्याकडे उघड्या ठेवाव्याच लागतात, कारण ब्राउझर रस्त्यावरच उभा आहे. त्या लपवण्याची धडपड सोडून द्यावी आणि त्या खिडकीवर दोन प्रश्न विचारणारा माणूस बसवावा. पहिला प्रश्न, ‘तू कोण?’ दुसरा प्रश्न, ‘हा कागद तुझा का?’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर गेटपासने मिळते. शेतकऱ्याने ओटीपी बरोबर भरला की सर्व्हर त्याला एक गेटपास देतो; संगणकाच्या भाषेत त्याला टोकन म्हणतात. त्यावर मुदत असते आणि सर्व्हरची अशी खूण असते की तिची नक्कल करता येत नाही. पुढच्या प्रत्येक चिठ्ठीसोबत हा गेटपास यायला हवा. गेटपास नसेल तर सर्व्हर ४०१ हा आकडा परत धाडतो. त्याचा अर्थ, ‘तुझी ओळख पटलेली नाही.’

पण एवढ्याने भागत नाही, आणि पुष्कळ वेबसाइटची चूक होते ती इथेच. ४११३ मागणाऱ्याजवळही गेटपास असतो; तो दुकानाचा खराखुरा ग्राहक असतो. म्हणून दुसरा प्रश्न हवा. ४११३ ची पट्टी याच मोबाईल नंबरच्या माणसाची आहे का, हे कोठीतल्या वहीत पाहूनच कागद द्यायचा. नसेल तर ४०३, म्हणजे ‘ओळख पटली, पण हे तुझं नाही.’ वेबसाइटच्या सुरक्षिततेवर काम करणारी ‘ओवास्प’ ही जागतिक संस्था अशा खिडक्यांच्या दहा मोठ्या दोषांची यादी करते. २०१९ च्या आणि २०२३ च्या, दोन्ही याद्यांत पहिल्या क्रमांकावर हाच दोष आहे. विचारायला हवा होता तो दुसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही!

या दोन प्रश्नांच्या जोडीला आणखी काही काळजी घ्यावी लागते. पट्ट्यांना ओळीने नंबर न देता लांबलचक, अंदाज न येणारे नंबर द्यावेत. त्याने चोराचे काम अवघड होते, मात्र ते दोन प्रश्नांच्या बदली चालत नाही. खिडकीतून मागितले तेवढेच द्यावे. गावाची आकडेवारी मागितली असता आधार क्रमांक सोबत बांधून देऊ नये. जुन्या खिडक्या विटांनी बुजवून टाकाव्यात. कोणी काय मागितले याची रोजनिशी ठेवावी आणि ती कुणीतरी वाचावी.

एक सूक्ष्म मुद्दा शिक्षकांसाठी सांगतो. ब्राउझर काही गेटपास आपल्या खिशात ठेवतो आणि त्या वेबसाइटकडे चिठ्ठी जाताना आपोआप दाखवतो. आपण एका खिडकीत शाळेचे लॉगिन उघडे ठेवून दुसरीकडे भलतेच पान उघडले, तर ते भलते पान आपल्या ब्राउझरकरवी शाळेच्या वेबसाइटला चिठ्ठी धाडवू शकते, आणि गेटपास मात्र आपला जातो. म्हणून चांगल्या वेबसाइट आपल्या प्रत्येक अर्जावर दरवेळी नवी गुप्त खूण घालतात आणि ती खूण नसलेली चिठ्ठी नाकारतात. आपणही काम झाले की ‘लॉग-आउट’ करावे, ते याचसाठी.

खिडकीवरची गर्दी आवरणे हाही राखणीचाच भाग आहे. २०२१ सालची लसीकरणाची धावपळ आठवा. १ मेपासून १८ ते ४४ वयाच्या लोकांना लस खुली झाली आणि वेळ मिळवायची ती कोविन वेबसाइटवरून. कोविनच्या काही खिडक्या सर्वांसाठी मुद्दाम उघड्या ठेवल्या होत्या. शहरातल्या जाणत्या तरुणांनी प्रोग्रॅम लिहून त्या खिडक्यांवर सतत चिठ्ठ्या धाडल्या, आणि जागा सुटली रे सुटली की ती पटकावली. शहरांभोवतालच्या खेड्यांतल्या केंद्रांवर गावकरी बाजूला आणि मोटारीने आलेली शहरी मंडळी रांगेत, असे चित्र महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसले. मग सरकारने एका पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० चिठ्ठ्या, अशी मर्यादा घातली, आणि खुल्या खिडकीतून मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत शिळी असू शकेल असे ठरवले. मर्यादा ओलांडणाऱ्याला सर्व्हर ४२९ हा आकडा देतो: ‘फार वेळा आलास, जरा थांब.’ सातबारा पाहताना वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायला लावतात, तीही यंत्राने उतारे उपसू नयेत म्हणूनच. खिडकीवर ज्याचे यंत्र चपळ त्याचे राज्य, असे झाले तर सर्वांत मागे राहतो तो खेड्यातला माणूस. मे २०२१ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेही मोबाईल व इंटरनेट नसलेल्यांचे काय, असा प्रश्न या व्यवस्थेबाबत विचारला होता.

म्हणून सगळ्याच खिडक्या बंद कराव्यात काय? मुळीच नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे कोड आले. क्यूआर कोड म्हणजे चौकोनी ठिपक्यांत लिहिलेला पत्ताच. तो कुणीही उघडावा. कविता ऐकावी, धडा पाहावा. तिथे गेटपास मागणे हाच अन्याय ठरेल. बाजारभाव, हवामान, शासनाचे निर्णय यांच्या खिडक्याही सताड उघड्या हव्यात. पण त्याच शाळेतल्या मुलाची जन्मतारीख, आधार, आईवडिलांचा फोन, बँक खाते ही झाली पट्टी. भाव कोणता आणि पट्टी कोणती, हे आधी ठरवावे आणि मग कुलूप लावावे.

आज शाळा, पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायती स्वतःच्या वेबसाइट करून घेतात. करून देणारा सुंदर पान दाखवतो आणि आपण खूश होतो. पैसे चुकते करण्यापूर्वी त्याला चार गोष्टी विचाराव्यात. लॉगिन न करता मागच्या खिडकीतून काय काय मिळते? एका सभासदाच्या लॉगिनने दुसऱ्याचा नंबर टाकला तर काय होते, ते आमच्या देखत करून दाखवाल का? आतल्या कामाच्या खिडक्या रस्त्याकडून बंद आहेत का? आणि जुने अ‍ॅप बदलले तेव्हा त्याच्या खिडक्या बुजवल्या का? उत्तर देताना तो फक्त पानच दाखवू लागला, तर त्याला प्रश्न कळलेला नाही असे समजावे.

आपल्या बाजूनेही एक पथ्य आहे. शाळेचा पासवर्ड कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवला, किंवा कामाच्या घाईत बाजारातल्या संगणकवाल्याकडे कायमचा देऊन ठेवला, तर खिडकीवरचा पहारेकरी तरी काय करील? त्याला गेटपास खरा दिसतो, तो आत सोडतो.

कायदाही आता या बाबतीत जागा झाला आहे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली संमत झाला. माहिती नीट न राखणाऱ्या संस्थेला त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे, आणि १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीला विशेष संरक्षण आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. दुसरीकडे, परक्याच्या खिडकीवर नंबर बदलून पाहण्याची हौस कुणी करू नये. लबाडीच्या हेतूने परवानगीवाचून माहिती काढणे हा २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा असून, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. वर्गात दाखवायचेच असेल तर शाळेने स्वतः तयार केलेल्या नमुन्याच्या पानावर दाखवावे.

आणि चुकून दुसऱ्याचा कागद आपल्यासमोर आलाच, तर तो उतरवून घेऊ नये, पुढे पाठवू नये. त्या कार्यालयाला लेखी कळवावे. ऐकले नाही तर सर्ट-इनला कळवावे. पैशाची फसवणूक झाली असेल तर वेळ न घालवता १९३० या नंबरवर फोन करावा. पट्टी शेजाऱ्याची असली तरी ती जपणे आपलेच काम आहे. कारण उद्या त्या ओळीत पुढचा नंबर आपला असू शकतो.